रग्ड लॅपटॉप-टॅब्लेटसाठी डॉक: बोलेरो चार, फोर्कलिफ्ट तीन, डोकं एकच

सर्वेवाला | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमचं काम रस्ते आणि पाइपलाइनच्या सर्वेक्षणाचं. इंदूर, धार, खरगोन, कधी कधी पार बडवानीपर्यंत. चार बोलेरो आहेत. धाकट्या भावाचं पीथमपूरला गोडाऊन आहे, तिथे बॅटरीवर चालणाऱ्या तीन फोर्कलिफ्ट. यंदा दोघांनी मिळून रग्ड, म्हणजे धक्के-धूळ-पाणी सोसणारी मशिनं घ्यायचं ठरवलं. गाड्यांना लॅपटॉप, फोर्कलिफ्टना टॅब्लेट. मशिनं जवळजवळ ठरली. गाडं अडलंय डॉकपाशी, म्हणजे ज्यात मशिन ठेवलं की वीज आणि बाकीच्या जोडण्या एकदम लागतात त्या बैठकीपाशी.

विक्रेत्याने गाडीत बसवायच्या डॉकचं कोटेशन पाठवलं, ते बघून बाबा म्हणाले, "एवढ्यात तुझी मुंज झाली होती, जेवणावळीसकट." एका डॉकला लॅपटॉपच्या जवळपास चौथा हिस्सा किंमत, वर स्टँड वेगळा, पॉवर सप्लाय वेगळा. इकडे जेल रोडवर यूएसबी-सीचा डॉक अडीच हजारात मिळतोय, आणि लोहामंडीतला आमचा फॅब्रिकेटर म्हणतो, "भिया, अपन दो दिन में बना देंगे."

तर विचारायचं हे की कंपनीचाच डॉक घ्यावा का? की लोखंडी स्टँड आणि साधा डॉक यावर भागेल? गाडीला आणि फोर्कलिफ्टला एकच प्रकार चालतो का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. यूट्यूब बघून झालंय.

पोहेबहाद्दर | सोमवार, रात्री ९:५२

मुंज कोणत्या साली ते कळल्याशिवाय महागाईचा अंदाज येणार नाही. बाकी परमल-सेव घेऊन बसलोय, चालू द्या.

ट्रॅकवरचा | सोमवार, रात्री १०:१५

पीथमपूरलाच वाहन चाचणीत आहे. नॅट्रॅक्स या इथल्या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना असेल, तिथे गाडीत सुटं काहीही ठेवू देत नाहीत. पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

डॉक घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी एक गोष्ट मोजा. दिवसातून किती वेळा लॅपटॉप गाडीतून काढता आणि परत लावता? सकाळी लावला, संध्याकाळी काढला, असं असेल तर डॉकची गरज कमी. मजबूत क्रेडल म्हणजे नुसती पकड, एक चार्जिंगची वायर, झालं. पण दर दोन किलोमीटरला उतरून लॅपटॉप हातात घेऊन शेतात जायचं असेल, तर दर वेळी चार वायरी काढा, चार लावा, हे कोणी करत नाही. माणूस दोन दिवस करतो, तिसऱ्या दिवशी वायरी लोंबकळत ठेवतो, चौथ्या दिवशी पोर्ट ढिला होतो. डॉकचं खरं काम तेवढंच: एका हाताने ठेवलं की कडी लागली, वीज, अँटेना, नेटवर्क सगळं एकदम जोडलं गेलं.

आता पकडीबद्दल. जुनी पॅनासोनिक सीएफ-३१ साडेतीन किलोच्या वर भरते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर त्या क्षणी सुट्या लॅपटॉपचा वेग जवळपास चौदा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूइतका असतो. म्हणजे चौथ्या मजल्यावरून साडेतीन किलोचं धूड खाली आलं, आणि खाली तुम्ही. हे मी घाबरवायला लिहीत नाही, हिशेब करून बघा. स्टँडवर पैसे वाचवू नका. डॉकवर वाचवा वाटल्यास.

जुगाडनाथ | सोमवार, रात्री १०:४८

झालं, आले चौथ्या मजल्यावाले! भिया, मी दोन वर्षं महू-मंडलेश्वर करतोय. सुताराकडून सागवानी खोका करून घेतला, आत स्पंज, वरून दोन पट्टे, दोन सीटच्या मधे फिट. खर्च अकराशे. लॅपटॉप साधा, रग्ड पण नाही. आजवर काही झालं नाही. हे डॉक-बिक सगळे विक्रेत्यांचे चोचले आहेत.

ट्रॅकवरचा | सोमवार, रात्री १०:५५

जुगाडनाथ, दोन वर्षांत धडक झाली नाही यात स्पंजचा काही हात नाही. आणि स्पंजमधे बसवलेला लॅपटॉप गरम हवा बाहेर कुठून टाकतो?

जुगाडनाथ | सोमवार, रात्री ११:०२

मे महिन्यात बंद पडतो. मग गाडी झाडाखाली लावून चहा घेतो. चहाची पण सोय झाली ना!

वीजबाई | मंगळवार, सकाळी ७:१०

सर्वेवाला, तुमच्या प्रश्नात विजेचा उल्लेख एका शब्दाने आला, "पॉवर सप्लाय वेगळा" म्हणून. माझ्या मते अर्धा धागा तिथेच आहे. मी वीज खात्यातून निवृत्त, आता मुलाच्या वर्कशॉपमधे गाड्यांच्या वायरिंगमधे लुडबुड करते.

बोलेरोची सिस्टम १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना साधारण १४ मिळतात. स्टार्टर मारताना तेच क्षणभर ८-९ वर किंवा आणखी खाली येतात. उलट अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची तार निखळली तर कित्येक दहा व्होल्टचा झटका येतो, याला लोड डंप म्हणतात. लॅपटॉपला मात्र कुणाला १५.६ व्होल्ट हवेत, कुणाला १९ किंवा १९.५. म्हणजे मधे कन्व्हर्टर आलाच, आणि तो हे सगळं सहन करणारा हवा. बाजारातला यूएसबी-सी डॉक टेबलावरच्या शांत विजेसाठी बनवलेला असतो. स्टार्टर मारला की तो रीसेट होतो. त्याच्या मागे लावलेला जीपीएस रिसीव्हर, सीरियल पोर्ट सगळं क्षणभर गायब. लॅपटॉप चालूच दिसतो, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे, म्हणून दोष कुठे आहे ते महिनाभर कळत नाही.

दुसरं, हिशेब. ९० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर, कन्व्हर्टरचा तोटा धरून आठ-साडेआठ. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून इतका प्रवाह तासन्‌तास घेऊ नका. ते सॉकेट धक्क्यांनी ढिलं होतं, मग तापतं, मग वितळतं. थेट बॅटरीवरून जाड तार घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच टाका, डॅशबोर्डखाली नव्हे. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार उघडीच राहिली तर त्या फ्यूजचा उपयोग काय?

तिसरं आणि सगळ्यात दुखरं. गाडी बंद केल्यावर डॉक बंद होतो का? शनिवारी संध्याकाळी गाडी लावली, लॅपटॉप डॉकमधेच राहिला, दोन अँपिअर खेचत राहिला. सोमवारी सकाळपर्यंत ३६ तास, ७२ अँपिअर-तास. अशा गाडीची बॅटरीच साधारण तेवढ्या क्षमतेची. सोमवारी सकाळी धक्का मारायला माणसं शोधा. म्हणून इग्निशनची तार ओळखणारा टायमर हवा. चावी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वीज तोडेल आणि बॅटरीचा व्होल्टेज खाली गेला तर त्याआधीच तोडेल, असा. चांगल्या डॉकबरोबर हा येतो किंवा वेगळा मिळतो. कोटेशनमधे हा शब्द शोधा. नसेल तर विचारा.

पोहेबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:३५

बाई, सकाळी साडेसातला लोड डंप! घास घशात अडकला. वाचनखूण साठवली आहे.

सर्वेवाला | मंगळवार, दुपारी १:२०

वीजबाई, तुम्ही आमच्या तीन नंबरच्या गाडीत बसून लिहिलंय की काय? सध्याचे साधे लॅपटॉप लायटर सॉकेटवरच आहेत, आणि दर दुसऱ्या सोमवारी आमच्या कॉलनीतली पोरं धक्का मारायला असतात. मी आजवर बॅटरीवाल्याला शिव्या देत होतो. दोन बॅटऱ्या बदलल्या.

ट्रॅकवरचा, मोजलं. काल चौदा वेळा काढला-लावला. पावसाळ्यानंतरच्या मोसमात वीसच्या वर जातं.

फोर्कलिफ्टचं काय? तिची बॅटरी ४८ व्होल्टची आहे. भावाचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, बॅटरीच्या मधूनच १२ व्होल्टचा टॅप काढतो, कन्व्हर्टरचा खर्च वाचेल.

वीजबाई | मंगळवार, दुपारी २:०५

त्याला थांबवा. आत्ता फोन करा, मग पुढचं वाचा.

४८ व्होल्टच्या ट्रॅक्शन बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका माळेत असतात. तुम्ही सहा सेलांवरून १२ व्होल्ट काढले की ते सहा रोज जास्त रिकामे होणार. चार्जर मात्र सगळ्या २४ ना सारखंच भरणार. तुमचे सहा कायम उपाशी, बाकीचे अठरा अजीर्ण होईपर्यंत जेवलेले. वर्षभरात बॅटरीचा जीव जातो, आणि तिच्या किमतीत किती डॉक येतील ते भावाला विचारा.

शिवाय बऱ्याच बॅटरीवाल्या फोर्कलिफ्टमधे बॅटरीचं निगेटिव्ह टोक चासीला जोडलेलं नसतं, मुद्दामच. मोटारगाडीत असतं, म्हणून आपल्याला सवय नसते. तिथे साधा कन्व्हर्टर लावला तर टॅब्लेटची ग्राउंड, डॉकचा धातू, स्टँड अशी वाट होऊन बॅटरी चासीशी जोडली जाते. म्हणून आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्यायचा, ज्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळी असते. ४८ च्या सिस्टमसाठी तोच मागा. फोर्कलिफ्ट ब्रेक मारताना मोटर उलटी वीज पाठवते, तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज चढतो, तेवढा सोसेल अशी कन्व्हर्टरची कमाल मर्यादा हवी.

एवढं झाल्यावर डॉक कोणताही चालेल. टॅब्लेट पूर्ण पाळीभर तिथेच राहणार असेल तर मी नुसतं चार्जिंगवालं क्रेडल घेईन.

बडोदेकर | मंगळवार, दुपारी ३:४०

बाईंना साष्टांग. मी बडोद्याचा, रिफायनरीतल्या कामांच्या एका ठेकेदाराकडे आहे. आमच्याकडचा एक मुद्दा तुम्हाला लागू नाही, तरी लिहून ठेवतो, उद्या कुणी शोधत येईल.

जिथे ज्वालाग्राही वायू असू शकतो तिथे टॅब्लेट वेगळ्या प्रमाणपत्राचा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. डॉकचं विसरतात. टॅब्लेट प्रमाणित असला तरी तो चार्जिंगला लावणं, डॉकमधून काढणं-घालणं हे बहुतेक वेळा सुरक्षित भागातच करायचं असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. संपर्काच्या पिना जुळताना-सुटताना बारीक ठिणगी पडू शकते. आमच्याकडे डॉक कंट्रोल रूममधे, आत जाताना टॅब्लेट बॅटरीवर. त्यामुळे डॉक निवडताना आम्ही बघतो ते एवढंच की एका ओळीत सहा टॅब्लेट चार्ज होतात का आणि जोडीला सुट्या बॅटऱ्या चार्ज करायची जागा आहे का.

अवांतर: परमल-सेव काय घेऊन बसलात, लीलो चेवडो खा एकदा.

पोहेबहाद्दर | मंगळवार, दुपारी ३:४४

धागा पेटवायचाच असेल तर सरळ सांगा. ओला चिवडा म्हणजे ज्याला सेव होता आलं नाही तो.

बडोदेकर | मंगळवार, दुपारी ३:५१

जिरावण टाकल्याशिवाय ज्यांच्या गळी पोहे उतरत नाहीत त्यांनी बोलू नये. :)

ग्वाल्हेरची_डॉक | मंगळवार, रात्री ८:३०

मी शीर्षकातला "डॉक" एवढाच शब्द वाचून आत आले, वाटलं कुणीतरी मुलीसाठी डॉक्टर जावई बघतंय. आमच्या नातेवाइकांत रोज हाच विषय असतो.

आता आलेच आहे तर सांगते. आमच्या आरोग्य शिबिरांच्या गाडीत चार रग्ड टॅब्लेट आहेत. ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, ४५ च्या खाली बोलत नाही. गाडी उन्हात, टॅब्लेट डॉकमधे, चार्जिंग कायम १०० टक्के. दुसऱ्या उन्हाळ्यात एक टॅब्लेट डॉकमधे नीट बसेना. कडी लागायची, पण चार्जिंग येत-जात राहायचं. आम्ही डॉकला दोष दिला, पिना पुसल्या, तंत्रज्ञाने तर डॉक उघडून पुन्हा लावला. शेवटी टॅब्लेट सपाट टेबलावर ठेवला तेव्हा तो भोवऱ्यासारखा फिरला. आतली बॅटरी फुगून पाठ बाहेर आली होती. असं दिसलं की तो लगेच वापरातून काढायचा, चार्जिंगला तर लावायचाच नाही.

तेव्हापासून एक नियम. जो टॅब्लेट दिवसभर डॉकमधे राहतो त्याचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं. पॅनासोनिकमधे त्याला इकॉनॉमी मोड म्हणतात, डेलमधे बायोसमधे "मुख्यतः एसीवर वापर" अशा अर्थाचा पर्याय आहे. विकत घ्यायच्या आधी ही सोय आहे का बघा. आणि डॉक विंडशील्डला चिकटून बसवू नका. सोयीचं दिसतं, पण ऊन सरळ पाठीवर येतं.

जुगाडनाथ | मंगळवार, रात्री ८:४७

डॉकबाई, फुगलेला टॅब्लेट भोवऱ्यासारखा फिरवून बघायचा, हा प्रयोग आमच्या जुगाडात बसतो. मानलं.

धरमकाटा | बुधवार, सकाळी ११:००

सर्वेवाल्यांना एक विचारतो. मशिनला काय काय जोडणार, याची यादी केलीत का? धाग्यात ती अजून आली नाही.

माझं उदाहरण देतो. देवास नाक्याजवळ आमचा ट्रक तोलायचा काटा आहे, तिथे टॅब्लेट आणि टेबलावरचा डॉक. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ वर, म्हणजे सीरियल पोर्टवर वजन पाठवतो. जुना प्रकार आहे पण मरत नाही. आम्ही घेतलेल्या डॉकला चार यूएसबी, एचडीएमआय, लॅन, सगळं होतं. सीरियल नव्हता. मग यूएसबी-सीरियलची शेपटी लावली. टॅब्लेट डॉकमधून काढून परत ठेवला की पोर्टचा नंबर कधी कॉम-३, कधी कॉम-७. सॉफ्टवेअर कॉम-३ वरच वाट बघत बसायचं. सोयाबीनचा हंगाम, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि मी वजन हाताने टाइप करतोय. एका शेतकऱ्याने पाठीमागून आकडा वाचून चूक दाखवली, १८ ऐवजी मी ८१ क्विंटल टाकले होते. फायद्यात तो होता, तरी त्याने सांगितलं. दुसऱ्या हंगामाला खरा सीरियल पोर्ट असलेला डॉक घेतला. तेव्हापासून शांत.

ट्रॅकवरचा | बुधवार, सकाळी ११:२०

+१. एक भर: डिव्हाइस मॅनेजरमधे कॉम नंबर पक्का करता येतो, आणि ज्या कन्व्हर्टरच्या चिपला स्वतःचा सीरियल क्रमांक असतो तो पोर्ट बदलला तरी तोच नंबर धरून ठेवतो. स्वस्तातल्या बऱ्याच चिपांना तो नसतो. तरीही खरा पोर्ट तो खराच, त्याला कनेक्टरच्या दोन बाजूंना स्क्रू असतात. धक्क्यांत यूएसबी-सी सुटतो, स्क्रूवाला सुटत नाही. सगळा गाडीतल्या डॉकचा खेळ स्क्रू आणि कडीचा आहे बघा.

परदेशस्थ_पंत | बुधवार, रात्री १०:३०

रामबागेत वाढलो, आता अमेरिकेत टेक्सासमधे. पोलिसांच्या आणि महापालिकेच्या गाड्यांमधे हीच यंत्रं बसवायचं काम करतो, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. थोडं लांबेल.

इथे डॉक मुख्यतः लॅपटॉप कंपनीचे किंवा हॅविस, गॅम्बर-जॉन्सन अशा खास डॉक बनवणाऱ्यांचे असतात. पहिली गोष्ट म्हणजे डॉक मॉडेलशी लग्न लावून येतो. सीएफ-३१ चा डॉक पॅनासोनिकच्याच नव्या एफझेड-५५ ला तसाच चालत नाही, कनेक्टर वेगळा, आकार वेगळा. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, पाच वर्षांनी लॅपटॉप बदलाल तेव्हा डॉकही बदलाल का? स्टँड मात्र मॉडेलशी बांधलेला नसावा. डॉकच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोकं असतात, टीव्हीच्या ब्रॅकेटसारखीच, वेसा म्हणतात. छोट्या टॅब्लेट-क्रेडलला बहुधा ३० बाय ३८ मिलिमीटरची, तिला अँप्स म्हणतात. तुमच्या लोहामंडीतल्या फॅब्रिकेटरला हे दोन आकडे द्या. तो स्टँड बनवेल आणि उद्या कोणताही डॉक त्यावर बसेल. त्याचं हे काम मला मुळीच जुगाड वाटत नाही. फक्त स्टँड सीटच्या मूळ बोल्टांवर घ्या, पत्र्याला नवी भोकं पाडू नका, सीटचे बोल्ट परत पूर्ण ताकदीने आवळा, आणि लांब एकदांडी खांब करू नका. तो वर हलतो. डॅशबोर्डच्या बाजूला एक आधार द्या.

दुसरी गोष्ट अँटेना. डॉकच्या यादीत "ड्युअल पास-थ्रू" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ असा की टपावरच्या अँटेनाचा सिग्नल डॉकमधून थेट लॅपटॉपच्या आतल्या मॉडेमला आणि जीपीएसला मिळतो, आणि लॅपटॉप काढला की तो आपल्या अंगच्या अँटेनावर येतो. नो पास, सिंगल, ड्युअल असे प्रकार दिसायला अगदी सारखे असतात, फक्त पार्ट नंबर वेगळा. शिवाय लॅपटॉपमधेही तो पर्याय कारखान्यातूनच असावा लागतो, नाहीतर डॉकचा पास-थ्रू शोभेला. सर्वेवाले, तुमचा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांचा) रिसीव्हर वेगळा असेल तर यावर एक पैसा खर्च करू नका.

तिसरं, एअरबॅग. जिथे ती फुगणार त्या जागेत डॉक येता कामा नये. फुगताना ती डॉकला गोळीसारखी मागे फेकेल. आणि स्क्रीन ड्रायव्हरकडे वळवू नका, बाजूच्या माणसाकडे ठेवा.

चौथं, कुलूप. डॉकला चावी असते. ताफा असेल तर सगळ्या डॉकना एकच चावी मागवा.

धरमकाटा | बुधवार, रात्री १०:५२

एकच चावी म्हणजे एका ड्रायव्हरकडून हरवली की चारही गाड्या उघड्या. मला पटत नाही.

परदेशस्थ_पंत | बुधवार, रात्री ११:१०

वेगळ्या चाव्या म्हणजे चारपैकी एक कायम चुकीच्या गाडीत. मी वीस वर्षं बघतोय. डॉकचं कुलूप तिजोरीचं नसतंच. ते चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबलात तेवढ्यापुरतं.

ब्रोशरवाचक | गुरुवार, सकाळी ९:१५

इतकी चर्चा कशाला? मिल-स्टँडर्ड-८१०एच पास आणि आयपी६५ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) असलेलं घ्या. मिलिटरीने पास केलंय म्हणजे झालं. हाकानाका (हाय काय नाय काय).

ट्रॅकवरचा | गुरुवार, सकाळी ९:४०

मिलिटरी काही पास करत नाही हो. ८१०एच हे २०१९ चं अमेरिकन संरक्षण खात्याचं कागदपत्र, त्यात चाचण्या कशा घ्यायच्या ते लिहिलंय. कंपनी त्यातल्या काही निवडते, स्वतः किंवा प्रयोगशाळेकडून करून घेते, आणि ब्रोशरवर ८१०एच छापते. विचारायचं ते असं: कंपनाची पद्धत ५१४ आणि धक्क्याची ५१६ यांतली कोणती केली? लॅपटॉप डॉकमधे असताना केली की एकट्यावर? चालू होता की बंद? मी एका विक्रेत्याला हे विचारलं, त्याने दोन दिवसांनी फोन करून "साहेब, तुम्ही खरेदी करणार आहात ना नक्की?" असं विचारलं.

आयपी६५ तर झाकणं बंद असतानाचं. डॉकमधे ठेवलेल्या लॅपटॉपचा डॉकिंग कनेक्टर उघडा असतो आणि गाडीतल्या बहुतेक डॉकना स्वतःला आयपी नसतोच. पीथमपूरची धूळ पिनांवर बसते. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. तेल किंवा स्प्रे-ग्रीस मारू नका, ते धुळीला आवतण आहे.

ब्रोशरवाचक | गुरुवार, सकाळी ९:५८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पोहेबहाद्दर | गुरुवार, सकाळी १०:०५

हाकानाका म्हणून प्रकाटाआ. अरेरे.

ग्वाल्हेरची_डॉक | गुरुवार, दुपारी १२:३०

नका हो त्यांना हसू. आमच्या खरेदी समितीने अगदी हेच वाक्य टेंडरमधे घातलं होतं.

सर्वेवाला | शुक्रवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. धरमकाट्यांनी सांगितली तशी यादी केली. गाडीत लागतं काय, तर वीज, एक जीएनएसएस रिसीव्हर सीरियलवर, आणि संध्याकाळी ऑफिसात लॅन. बस्स. एचडीएमआय, चार यूएसबी, कार्ड रीडर यांतलं काहीच गाडीत लागत नाही. म्हणजे कोटेशनमधला सगळ्यात वरचा डॉक कुणासाठी होता, देव जाणे. बाबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "हे आधी केलं असतंस तर मुंजीचा उल्लेख आला नसता."

ठरवतो आणि कळवतो.

वीजबाई | शुक्रवार, रात्री ९:१२

त्या टॅपवाल्या इलेक्ट्रिशियनला थांबवलंत ना?

सर्वेवाला | शुक्रवार, रात्री ९:१४

थांबवला. एक फोर्कलिफ्ट त्याने आधीच करून ठेवली होती. तो टॅप काढायला लावला.

सर्वेवाला | अडीच महिन्यांनंतर, रविवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतोय, कळवतो म्हणालो होतो म्हणून.

गाड्या: कंपनीचा डॉक घेतला, पण मधला. सीरियल पोर्ट आणि वीज आहे, अँटेना पास-थ्रू नाही. चारपैकी तीनच गाड्यांना. चौथी फक्त ऑफिस ते साइट करते, तिला क्रेडल. स्टँड लोहामंडीतच करून घेतला, सीटच्या बोल्टांवर, १०० मिलिमीटरच्या भोकांचा. पहिला स्टँड मानपूरच्या घाटात इतका डुलला की स्क्रीनवर वाचता येईना. पंतांनी सांगितलेला आधार आम्ही "बघू नंतर" म्हणून ठेवला होता. आता दिलाय. आयसोलेटेड कन्व्हर्टर तिन्ही फोर्कलिफ्टना, टॅब्लेटला नुसतं चार्जिंगचं क्रेडल, मर्यादा ८० टक्के.

टायमर वीस मिनिटांवर ठेवलाय. दहा आठवड्यांत एकदाही धक्का मारावा लागला नाही. कॉलनीतली पोरं विचारतात, काका, गाडी विकली का.

चावी एकच मागवली. धरमकाटा, तुमचं खरं झालं, दुसऱ्याच आठवड्यात एक हरवली. पंत, तुमचंही खरं झालं, बाकीच्या दोन्ही चाव्यांनी त्या गाडीतला डॉक उघडला.

जुगाडनाथ | रविवार, सकाळी १०:५०

अभिनंदन. मी पण खोक्याला मागून चार भोकं पाडली, हवेसाठी. ट्रॅकवरच्यांना सांगू नका.

ट्रॅकवरचा | रविवार, सकाळी ११:०५

वाचलं. पट्टे तरी बदल.

सर्वेवाला, उन्हाळा तोंडावर आलाय. लॅपटॉप डॉकमधे असताना तापतो का ते दुपारी एकदा बघून ठेव.

सर्वेवाला | रविवार, सकाळी ११:२०

त्याची सोय झाली आहे. दोन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर दुपारी ऊन लागू नये म्हणून लॅपटॉपवर ओला गमछा टाकतो.

वीजबाई | रविवार, सकाळी ११:२१

ओला?!

ट्रॅकवरचा | रविवार, सकाळी ११:२२

फोन कर त्याला. आत्ता.